ज्याचा कॉक त्यानं फिरवायचा

२७ जानेवारी २०२५, सोमवार

निंगव्वाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तारीख सतरा फेब्रुवारी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. मला त्यात काही कळलं नाही, पण मान हलवली. मग त्यांनी विचारलं, घरी संडास कुठल्या पद्धतीचा आहे? मी म्हटलं, बसायचा. ते म्हणाले, मग आधी बाथरूम बदला, गुडघा नंतर बदलू.

म्हणजे हातात वीस दिवस. सूतगिरणीत एकतीस वर्षं भांडारपाल होतो, कामाची वही ठेवायची सवय आहे, म्हणून ही वही घातली. भावना वगैरे लिहायच्या नाहीत. काय झालं, कोण काय बोललं, एवढंच.

घराची माहिती आधी नोंदवतो. खाली मी आणि बायको निंगव्वा. वर धाकटा भाऊ सिद्धलिंग आणि त्याची बायको बसम्मा. अंगणात हौद एकच, मोटारही एकच. गच्चीवर टाक्या दोन, एक आमची, एक त्यांची. मोटारीचा पाईप आमच्या बाथरूमच्या भिंतीवरून वर जातो, आणि तिथंच छातीच्या उंचीला दोन कॉक आहेत. डावा आमच्या टाकीचा, उजवा सिद्धलिंगच्या. वाटण्या झाल्या तेव्हा आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नियम घालून दिला, ज्याचा कॉक त्यानं फिरवायचा, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. एक बंद होताच दुसरा उघडावा लागतो, नाहीतर मोटार कण्हायला लागते. म्हणून आम्ही दोघंही तिथं हजर लागतो. आप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. नियम चालू आहे.

सिद्धलिंगशी माझं सहा वर्षं बोलणं नाही. त्याचं कारण इथं लिहायची गरज नाही.

२९ जानेवारी, बुधवार

पाण्याचा दिवस. आमच्या भागात पाचव्या दिवशी पाणी येतं. आज सव्वाचारला आलं. पाचला हौद भरला, मी मोटार लावली, माझा कॉक उघडला. पस्तीस मिनिटांनी टाकी भरून गच्चीवरून पाणी पडायला लागलं, तसा जिन्यावर चपलांचा आवाज.

सिद्धलिंग चपला दाराबाहेर काढून सरळ बाथरूममध्ये येतो. जागा चार बाय सहाची. मी डावीकडे, तो उजवीकडे. मी भिंतीकडे बघून म्हणालो, "बंद." तो भिंतीकडे बघून म्हणाला, "उघडला." याला मी बोलणं धरत नाही. ही कामाची सूचना आहे.

मग त्याची टाकी भरेपर्यंत तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसतो. निंगव्वा चहा देते. त्याची शुगर, बसम्माची पाठ, हैदराबादला दिलेली मुलगी सिद्धेश्वरी, सगळं विचारून घेते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो. पेपर सकाळीच वाचून झालेला असतो, पण दुसऱ्यांदा वाचला की राहिलेल्या बातम्या सापडतात. आज कळलं की सिद्धेश्वरीच्या मुलाला दात आले. दोन. खालचे.

३१ जानेवारी, शुक्रवार

रावजी प्लंबर येऊन गेला. मूळचा वेळापूरचा, वीस वर्षं सोलापुरात काम करतो. हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं चालतं.

पुण्याहून मुलानं फोनवर बजावलं होतं, बाबा, आता सगळं नवीन करताय तर पाईप दिसायला नकोत. मी रावजीला तसं सांगितलं, आणि वर माझंही सांगितलं. भांडारात माझा एक नियम होता. जे डोळ्यांना दिसत नाही ते हरवलं असं धरून चालायचं. तेव्हा पाईप झाकायचे, पण हात पोचला पाहिजे.

"बराबर हाय की तुमचं," रावजी म्हणाला. "झाकायचं म्हंजी पुरायचं न्हवं. आपल्या हितलं पाणी कसलं हाय, लई जड. पायपात खडू धरतोय. आज ना उद्या हात घालावा लागतोयच. पुरून बसला तर टाइल फोडत बसायचं व्हय मग?"

त्यानं उपाय सांगितला. भिंतीपुढं अर्धा फूट खोका करायचा, पाईप त्यात. कॉकांच्या समोर टाइलचंच दार. कोपऱ्यात दाबलं की टक्क करून उघडतं, बंद केलं की भिंत. मला पसंत पडलं. मग तो म्हणाला, "पर मालक, ह्या दोन कॉकांचा घोळ कशाला ठिवताय? धाकल्या मालकांची लाइन बाहेरनं काढून देतो की. एका दिसाचं काम. त्यांचं त्यांना वर, तुमचं तुमाला खाली. कुणी कुणाच्या न्हाणीत यायला नगो."

मी म्हणालो, विचार करतो. सूचना तांत्रिकदृष्ट्या चुकीची नाही.

रावजी गेल्यावर निंगव्वा म्हणाली, "त्या दोन कॉकांमुळं तरी भाऊजी पाचव्या दिवशी घरात पाय ठेवतात. लाइन बाहेरून गेली की तेही संपलं. मग तुम्ही दोघं एकदमच भेटाल, एकाला उचलायला दुसरा."

काय हे बोलणं! मी म्हटलं, माझा प्रश्न फक्त पाण्याचा आहे.

"साकु," ती म्हणाली. पुरे, असं तिला माझ्यापुढं कानडीतच म्हणायला आवडतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

पाण्याचा दिवस. सिद्धलिंगनं भिंतीवरच्या खडूच्या खुणा बघितल्या. एकदा बोट लावून बघितलं. विचारलं काही नाही, विचारणार कसा? मी "बंद" म्हणालो. त्यानं कॉक उघडला, पण "उघडला" म्हणाला नाही. पाण्याचा आवाज आला म्हणून मला कळलं.

चहा अर्धाच प्याला, असं निंगव्वा म्हणते.

५ फेब्रुवारी, बुधवार

फोडाफोडीला सुरुवात. घरभर धूळ. जुना पाईप कापून रावजीनं मला आतून दाखवला. इंचाचा पाईप, पण आत पांढरा खडू साचून पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिलेली. तीस वर्षं त्यातूनच पाणी चढत होतं.

"बघा, बाहेरनं कसा ठणठणीत दिसतोय," रावजी म्हणाला. मी त्याला म्हटलं, काम कर.

रोजच्या वापराला बसम्मानं वरचं बाथरूम वापरा असा निरोप पाठवला. निंगव्वा जिना चढू शकत नाही. मी चढत नाही. शेजारच्यांकडे सोय केली.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवी अडचण. कमोड कुठं बसवायचा हे आज नक्की झालं. ड्रेनेज जिथं आहे तिथंच बसणार, आणि ती जागा म्हणजे नेमकी सिद्धलिंगची उभं राहायची जागा. वर अर्ध्या फुटाचा खोका पुढं आला. मी रावजीला म्हटलं, तू सिद्धलिंग हो, मी मी आहे, आपण उभं राहून बघू. कमोडच्या जागी बादली उपडी ठेवली. रावजी एक पाय बादलीपलीकडे टाकून उभा राहिला, त्याचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझं डोकं त्याच्या हनुवटीखाली. दोन वेळा करून बघितलं. दोघं मावत नाहीत.

"एकानंच दोनी फिरवायचं की मग," रावजी म्हणाला.

मी त्याला आप्पांचा नियम सांगितला. त्यानं माझ्याकडे बघितलं, निंगव्वाकडे बघितलं आणि तंबाखू मळायला बाहेर गेला.

नवीन पाईप बसेपर्यंत तात्पुरती नळी जोडली आहे. पाण्याच्या वेळी आज कसेबसे उभे राहिलो, कमोड अजून बसला नाही म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार

नकाशा क्रमांक चार काढला. कमोड तिरका बसवला तर सात इंच मिळतात. रावजी म्हणतो, तिरकं बसवलं तर वैनी पडतील. दार मोठं करून खाली-वर दोन कॉक घेतले, तर एक जण उभा आणि एक जण उकिडवा. सिद्धलिंग उकिडवा बसायला तयार होईल असं वाटत नाही. मी तर नाहीच.

लाइन बाहेरून का नको, याची कारणं रावजीला दिली. पश्चिमेची भिंत आहे. एप्रिलमध्ये इथं चव्वेचाळीस डिग्री, पाईपातलं पाणी चहाचं होईल. माकडं लोंबकळतील. रावजी म्हणाला, "मालक, सोलापुरात निम्म्या घरांची लाइन भाईरनंच हाय. आन् माकडं मी तरी हितं बगितली न्हाईत."

निंगव्वा आतून ऐकत होती. तिचा पारा चढला. "एकानं दोन्ही फिरवले तर काय हात झडतील? नाहीतर भाऊजींना सरळ सांगा, तू येत जा. तोंड उघडायला काय होतं?"

मी म्हणालो, पत्रिकेत माझं नाव नव्हतं.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. सहा वर्षांपूर्वी सिद्धेश्वरीचं लग्न झालं. पत्रिकेवर ऐंशी नावं. बसम्माच्या मावसभावाच्या साडूचं होतं. माझं नव्हतं. मी थोरला! लग्नाच्या दिवशी मी सकाळची एसटी धरून अक्कलकोटला गेलो, संध्याकाळी परतलो. तेव्हापासून बोलणं बंद.

निंगव्वा म्हणाली, "आणि नाव घालू नका म्हणून जिन्यात उभं राहून कोण ओरडलं होतं? मुलगा पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, माझं नाव कुठं घालायचं नाही. अख्ख्या गल्लीनं ऐकलं की."

ओरडलो होतो. पण रागाच्या भरात बोललेलं कोणी शब्दाला शब्द धरून करतं का? सिद्धलिंगची ही लहानपणापासूनची खोड आहे. सांगितलं तेवढंच करतो. पत्रिका कपाटात आहे. पुरावा म्हणून ठेवली आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाण्याचा दिवस. काल कमोड बसला. आज मी कॉकासमोर उभा राहिलो आणि सिद्धलिंगला आत यायला जागाच उरली नाही. तो दारात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, रावजीकडे बघितलं.

"रावजी," तो म्हणाला, "माझी लाइन बाहेरून घे. ह्यांना अडचण नको."

मला तो अण्णा म्हणायचा. आता ह्यांना.

मी बाहेर सरलो, तेव्हा त्यानं आत जाऊन त्याचा कॉक उघडला. मधल्या वेळात मोटार कण्हली. टाकी भरेपर्यंत तो जिन्यावर बसला, स्वयंपाकघरात आला नाही. निंगव्वानं चहा जिन्यावर नेऊन दिला, दुखऱ्या गुडघ्यानं.

प्रश्न सुटला. आता दोघांनी उभं राहायची गरज नाही, चारही नकाशे रद्द. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. दुपारची वांग्याची भाजी जड पडली असावी.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या दवाखाना. पाच-सहा दिवस मुक्काम. काम अर्धं राहिलंय आणि घरी लक्ष द्यायला कुणी नाही. मुलाला सुट्टी फक्त ऑपरेशनच्या दिवशीची. निंगव्वानं मला न विचारता सिद्धलिंगला हाक मारली आणि किल्ली दिली. तो तिला म्हणाला, "वैनी, काळजी करू नका. तुम्ही याल तेव्हा बाथरूम तयार असेल."

मी रावजीला बाजूला घेऊन सूचना दिल्या. दार हवंच. आतला प्रत्येक जोड हाताला लागला पाहिजे. त्यानं विचारलं, "आन् कॉकांचं काय? भाईरनं लाइन घिऊ का नगो?"

मी म्हटलं, "धाकले मालक म्हणतील तसं कर. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही."

"ठरलं तर मग?"

"ठरलं."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात. ऑपरेशन काल झालं, व्यवस्थित. निंगव्वा आज दोन पावलं चालली आणि फिजिओथेरपीच्या मुलीला कानडीत काहीतरी बोलली. मुलीला कळलं नाही ते बरं झालं.

आज पाण्याचा दिवस. चारपासून मी घड्याळ बघत होतो. खरं म्हणजे बघायचं कारण नव्हतं. संध्याकाळी बसम्मा कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन आली. माझ्याशीही ती सरळ बोलते, तिचं काही भांडण नाही. मी माहितीसाठी विचारलं, पाणी आलं का?

"आलं की. आमची टाकी भरली. तुमची राहिली."

"राहिली म्हणजे?"

"तुमचा कॉक हे कसा फिरवतील? मामंजींचा नियम हाय न्हवं." आणि डबा पुसत हसली. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. घरी गेल्यावर टाकीत पाणी नसणार. आणि घरात ऑपरेशनचा पेशंट!

सिद्धलिंग दवाखान्यात आला नाही. बसम्मा म्हणाली, खाली गेटपर्यंत आलेत, वर येत नाहीत. मी खिडकीतून बघितलं. रसवंतीपाशी उभा होता. बारीक झालाय. शुगर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निंगव्वाला घरी आणलं. बाथरूम छान झालंय, हे कबूल करतो. पांढऱ्या टाइल, धरायला स्टीलचा दांडा, पाईप एकही दिसत नाही. निंगव्वा वॉकर घेऊन दारात उभी राहून बघत राहिली. "लग्नाच्या हॉलसारखं केलंय," म्हणाली.

मी कोपऱ्यात दाबलं. टक्क करून दार उघडलं. आत हात घातला. सगळे जोड हाताला लागतात. पण कॉक नाहीत. डावा नाही, उजवा नाही. नुसता सरळ पाईप, खालून आला आणि वर गेला.

रावजीला फोन लावला.

"कॉक कुठं आहेत?"

"वर हाईत की."

"वर म्हणजे गच्चीवर?"

"न्हाय न्हाय. धाकल्या मालकांच्या न्हाणीत. दोनी. तितं जागा लई हाय, दोघं काय, चार माणसं उभी ऱ्हातील."

"माझा कॉक त्याच्या घरात? कुणाला विचारून?"

"घ्या! तुमीच म्हणला हुता की, धाकलं मालक म्हणतील तसं कर. ठरलं बी म्हणला हुता. त्यांनी म्हणलं, लाइन भाईरनं नगो, दोनी कॉक वर घे. मी म्हणलं, थोरलं मालक चिडतील. तर म्हणलं, सहा वर्सं मी उतरलो, आता त्यानं चढावं की."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या ये आणि सगळं खाली घे. तो म्हणाला, वेळापुरात हाय, उसाची तोड चालू हाय, आठ दिवस जमायचं न्हाय. फोन ठेवताना म्हणाला, "मालक, रागावू नगा. लई झ्याक लागतंय पाणी आता वर."

फसवणूक झाली. दुसरा शब्द नाही. मी जाणार नाही. एक तर सांगितलेलं शब्दाला शब्द धरायचं, आणि वर हे.

निंगव्वाला सांगितलं तर ती हसायला लागली, टाके दुखेपर्यंत हसली. म्हणाली, "अकरा वर्षांनी मामंजींचा खरा मुलगा कोण ते कळलं."

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सविस्तर लिहितो.

सकाळी टाकी वाजवून घेतली. म्हणजे माणूस चढवला गच्चीवर. वीतभर पाणी. निंगव्वाला दिवसातून चार वेळा बाथरूमला न्यावं लागतं.

पाणी तीन चाळीसला आलं. साडेचारला हौद भरला. मोटार लावता येईना, कारण वर दोन्ही कॉक बंद. मी खुर्चीत बसून राहिलो. वरून काही आवाज नाही. पावणेपाचला जिन्याच्या टोकावरून सिद्धलिंगचा आवाज आला, कुणालाच नाही असा. "हौद भरला."

मी पेपर उघडला.

पाच वाजता परत. "हौद भरून वाहतोय."

आणि खरंच वाहत होता. पाच दिवसांनी आलेलं पाणी गटारात चाललेलं. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला ते बघवत नाही, मग भांडण कुणाशी का असेना. निंगव्वा पलंगावरून म्हणाली, "जाताय, की मी जाऊ वॉकर घेऊन?" आणि तिनं खरोखरच पाय खाली सोडले.

गेलो. चौदा पायऱ्या आहेत. मी विसरलो होतो.

सिद्धलिंग बाथरूमच्या दारात उभा होता. त्यानं बाजूला होऊन वाट दिली. भिंतीवर दोन कॉक, दोन्ही नवे, दोन्ही लाल मुठीचे, सारखेच. चुकीचा फिरवला असता तर नियम मोडला असता. विचारण्यावाचून इलाज नव्हता.

"माझा कोणता रे?" मी विचारलं.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. वळून बघितलं तर त्याला ठसका लागला असावा, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"डावा," तो म्हणाला. "डावाच ठेवायला सांगितला, अण्णा. तुझी सवय कशाला मोडायची."

मी डावा उघडला. पाणी आलं नाही. मोटार खाली, बटण खाली! दोघांनाही ते सुचलं नव्हतं. तो हसला, मग मीही. चौदा पायऱ्या उतरून बटण दाबलं, चौदा चढून परत आलो. या वेळी बसम्मानं दारातच पायपुसणं सरळ केलं.

पस्तीस मिनिटं त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलो. भिंतीवर सिद्धेश्वरीच्या लग्नाचा फोटो आहे. मी तो कधी बघितला नव्हता. जावई उंच आहे, चेहरा शांत. मागं सगळे उभे, निंगव्वाही आहे. सिद्धलिंगच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडलेली आहे. फोटोवाल्याची चूक असेल असं मी आधी धरलं. मग सिद्धलिंग म्हणाला, "फोटोवाला सारखा म्हणत होता, जवळ सरका. मी सरकलो नाही. म्हटलं, एसटी वेळेवर आली तर येईल."

मी त्या दिवशी पाचलाच बसस्टँडवर उतरलो होतो. कार्यालय तिथून दहा मिनिटांवर. स्टँडवरच बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत. हे मी निंगव्वालाही सांगितलेलं नाही. आज त्यालाही सांगता आलं नाही.

मला लाज वाटली. पहिल्या दिवशी लिहिलं होतं की भावना लिहायच्या नाहीत, पण नोंद खोटी ठेवणं भांडारपालाला शोभत नाही. लाज वाटली, आणि वाईट वाटलं.

टाकी भरली. मी "बंद" म्हणालो, तो "उघडला" म्हणाला. दोघंही एकमेकांकडे बघून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाण्याचा दिवस. पाणी चारला येतं, मी अडीचला वर गेलो. नवीन कॉक आहेत, आधी तपासलेले बरे. सिद्धेश्वरीचा व्हिडिओ कॉल आला होता. "दोड्डप्पा," म्हणाली, म्हणजे थोरले काका, आणि पुढं तिला बोलता येईना. नेटवर्क खराब असावं. मुलाला चार दात आहेत आता. मी मोजले. त्याच्याशी मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलतात म्हणे, तो तिन्हींना मान हलवून नाही म्हणतो.

रावजीचा फोन आला. तोड उरकली, येऊ का, कॉक खाली घ्यायचेत न्हवं? मी म्हटलं, परत भिंत फोडायची म्हणजे धूळ. निंगव्वाला धूळ चालत नाही. राहू दे.

"ऱ्हाऊ द्या म्हणताय?"

"राहू दे म्हटलं ना!"

५ मार्च, बुधवार

मुख्य जलवाहिनीचं काम निघालंय. पाणी एक दिवस पुढं ढकललं, असं सकाळी पेपरात होतं. म्हणजे आज हौद नाही, मोटार नाही, कॉक फिरवायचा प्रश्नच नाही.

तरी चार वाजता वर जाऊन आलो. कॉक गळतोय का ते बघायला हवं होतं. दीड तास बसलो.

गळत नाही.